एकोणिसाव्या नंबरची कल्पना

प्रश्न : मी एकतीस वर्षांची आहे, एका पतसंस्थेत नोकरी करते. कथा लिहायची फार इच्छा आहे. सुचेल ते एका वहीत लिहून ठेवते, आजवर ४१ कल्पना झाल्या. पण लिहायला बसलं की दोन-तीन पानांत सगळं संपतं, नाहीतर पुढे काय होणार तेच कळत नाही. नमुन्याला तीन कल्पना पाठवते. नंबर ७ : एका माणसाला रोज एकच स्वप्न पडतं आणि एक दिवस ते खरं होतं. नंबर १९ : आजोळी मामांच्या वाटण्या झाल्या तेव्हा भांड्यांवरची नावं वाचून भांडी वाटली (नावं मीच वाचली, तेव्हा मी चौथीत होते). ही आपली घरातलीच गोष्ट, हिच्यात काही विशेष नाही. नंबर ३३ : वृद्धाश्रमातल्या वडिलांना रोज रात्री मुलाचा फोन येतो, पण मुलगा वर्षापूर्वीच वारलेला असतो. कल्पना चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं? ती पुढे कशी न्यायची? आणि कोणाला सांगितली तर चोरीला जाईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या पत्रातल्या एका कंसापाशी मी अडलो. ‘नावं मीच वाचली, तेव्हा मी चौथीत होते.’ एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात, वर ‘हिच्यात काही विशेष नाही’ असा शेराही मारलात. मला मात्र तुमची कथा त्या कंसातच दिसते आहे. कशी, ते सांगतो. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच वाटेवर भेटतील.

आधी सातवी कल्पना बघू. स्वप्न खरं होतं, हे सुचल्याबरोबर अंगावर काटा येतो, म्हणून ती चांगली वाटते. पण तिच्यात माणूस नाही. ‘एक माणूस’ आहे, पण त्याला गाव नाही, धंदा नाही, घरभाडं नाही, सकाळी उठल्यावर कोणाला तोंड दाखवायची त्याला धास्ती वाटते ते नाही. तुम्ही टिपून ठेवला आहे तो गोष्टीच्या शेवटी बसणारा धक्का, आणि धक्का द्यायला दोन पानं पुरतात. दोन-तीन पानांत सगळं संपतं ही तुमची तक्रार इथूनच येते. ती कल्पना आणखी काही वर्षं वहीत राहू द्या. एखाद्या दिवशी तिला तिचा माणूस भेटेल, न भेटला तरी काही बिघडत नाही.

तेहेतिसाव्या कल्पनेत मात्र जीव आहे. मेलेल्या मुलाचा फोन म्हटलं की वाचक भुताची वाट बघू लागतो. भूत बाजूला ठेवा आणि साधा हिशेब मांडा. फोन येतो आहे म्हणजे कोणीतरी तो करतं आहे. कोण? हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पंधरा-सोळा वर्षांचा नातू आला. त्याचा आवाज नुकताच फुटला आहे, आणि फुटून हुबेहूब बापासारखा झाला आहे. मुलगा गेल्याचं म्हाताऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही. एकदा फोनवर आजोबांनी नातवाला चुकून मुलाच्या नावानं हाक मारली आणि पोरानं ती चूक दुरुस्त केली नाही. तेव्हापासून रोज रात्री नऊ वाजता त्याला बाप व्हावं लागतं. पगाराचं बोलावं लागतं, गुडघ्यांची चौकशी करावी लागते, स्वतःच्याच नावानं तक्रार करावी लागते, की पोरगं अभ्यास करत नाही हो अण्णा. तुम्ही शेवटासाठी राखून ठेवलेला धक्का आता पहिल्याच पानावर खर्च झाला, आणि गोष्टीला चालायला रस्ता मिळाला. नातू किती दिवस हे निभावणार? त्याच्या आईला कळलं तर? आणि आजोबांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असेल तर?

आता भांडी.

घरातल्या सामानावरून झालेल्या भांडणातून इंग्रजीत एक नामांकित कादंबरी जन्मली, आणि ती कशी सुचली हे तिच्या लेखकानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. १८९३ च्या नाताळात हेन्री जेम्स एका ठिकाणी जेवायला गेला होता. शेजारच्या बाईंनी बोलता बोलता ओळखीतल्या एका घराची हकिकत काढली. वडील वारले, जुनं घर आणि त्यातलं उंची सामान एकुलत्या एक मुलाकडे आलं, आणि त्या सामानावरून आई आणि मुलगा यांच्यात जुंपली. एवढं ऐकलं आणि जेम्सच्या मनात बी पडलं. बाई पुढे सांगतच राहिल्या, पण त्याला ते नकोसं झालं. प्रत्यक्षातली आई म्हणे, हा माझ्या नवऱ्याचा मुलगाच नव्हे, असं सांगण्यापर्यंत गेली होती. इतका भडक मसाला आयता हाती आला असूनही जेम्सनं तो घेतला नाही. त्यानं आई घेतली, मुलगा घेतला, सामान घेतलं आणि पदरची एक तिसरी व्यक्ती घातली, फ्लीडा व्हेच नावाची एक गरीब, समजूतदार तरुणी. त्या सामानावर तिचा काडीचा हक्क नाही, पण त्याचं मोल ती जाणते, आणि दोन्ही बाजूंचं दुःख तिच्यातून जातं. ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन’ हे पुस्तक १८९७ मध्ये निघालं. भांडणाऱ्या दोघांपैकी एकाच्या तोंडून तेच सांगितलं असतं, तर ती नुसती फिर्याद झाली असती.

तुमच्याकडे ती तिसरी व्यक्ती पहिल्यापासूनच आहे. थोरल्या मामांच्या नजरेनं गोष्ट लिहिली तर धाकटे लोभी दिसणार, धाकट्यांच्या नजरेनं लिहिली तर थोरले. आजीच्या नजरेनं लिहायचा मोह सगळ्यात मोठा, पण वाटणीच्या दिवशी कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली म्हातारी मराठी कथेत इतक्या वेळा येऊन गेली आहे की वाचक तिच्याकडे न बघताच उसासा टाकतो. राहिली चौथीतली भाची. तिला वाटणीत काही मिळायचं नाही, तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही, आणि तरी सगळ्यांना तिची गरज आहे, कारण अक्षरं तिला लागतात.

ही अक्षरं जवळून बघा. लग्नात, मुंजीत आहेर म्हणून आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असायचं, बहुधा तारीखही. स्टीलच्या भांड्यावर दुकानदार तिथल्या तिथे यंत्रानं नाव घालून द्यायचा, तो घर्रर्र आवाज आणि ते बारीक, थरथरतं अक्षर. जुन्या तांब्यापितळेवर ठोकून घातलेली नावं, टिंबाटिंबांची. चिंच आणि राखेनं वर्षानुवर्षं घासून अर्धी टिंबं बुजलेली. असं नाव सरळ बघून वाचताच येत नाही. भांडं दाराकडे तिरकं धरावं लागतं, उजेड अक्षरांवर आडवा पडला की ती वर येतात. तेवढ्यानंही लागलं नाही तर बोट फिरवून बघावं लागतं. मोठ्यांची बोटं राठ, चष्मे जुने. म्हणून पोरीला बोलावलं.

सोप्यात गोणपाटावर भांडी मांडली आहेत. घागर, बंब, घंगाळ, पिंप, सहा डबे, एकात एक बसणारी पातेली. मुलगी भांडं उचलते, तिरकं धरते, वाचते. जे नाव तिच्या तोंडून निघेल त्यावरून भांडं कोणाच्या लग्नातलं ते ठरतं आणि ते त्या बाजूला सरकतं. आजवर मोठ्यानं वाचलं की तिला शाबासकी मिळाली होती. आज प्रत्येक वाचनाला एका मामीचा चेहरा उतरतो. पाचव्या-सहाव्या भांड्यापर्यंत तिच्या हे ध्यानात येतं. ती सावकाश वाचू लागते. मोठ्यांना वाटतं अक्षर लागत नाही.

इथपर्यंत मी फारसं काही रचलेलं नाही. कोण बघतं आहे हे ठरवलं, आणि तिला हातानं काय करावं लागतं ते नीट पाहिलं. आता आणखी एक प्रश्न विचारतो. मला तो नेहमी उपयोगी पडतो : इथे असायला हवं होतं पण नाही, असं काय आहे? आहेराच्या भांड्यांवर नावं असतात ती बहुतेक पुरुषांची. मामांचे सासरे, भावकीतले चुलते, गावचे सावकार. तुमच्या आईनं भावाच्या लग्नात दिलेल्या कळशीवरही बहुधा तुमच्या वडिलांचंच नाव असेल. त्या सगळ्या ढिगात आजीचं नाव नाही. जिनं ही भांडी जन्मभर चुलीवर चढवली, घासली, कल्हईवाल्याकडे नेऊन आणली, तिचं नाव एकाही भांड्यावर नाही. मुलीला हे शब्दांत कळलेलं नाही, पण वाचून वाचून ते तिच्या लक्षात आलं आहे.

आणि तिच्या हातात एक पितळी परात येते. तिच्यावरची अक्षरं पार झिजलेली. परातीवर काय लिहिलंय ते आता ती सांगेल तेच खरं. दोन्ही मामा, दोन्ही माम्या तिच्याकडे बघताहेत. ती ठरवते, की यावर आजीचं नाव आहे असं म्हणायचं. ती तोंड उघडते, आणि तेव्हा तिला कळतं की आजीचं नाव काय ते आपल्याला माहीतच नाही.

हे तुमच्या घरी असंच घडलं, असं मी मुळीच म्हणत नाही. घडलेलं तुम्ही मला एका ओळीत सांगितलंत, ते तुमचं. पण घडलेल्याला धरून प्रश्न विचारत गेलं की जे घडलं नाही तेही दिसायला लागतं, आणि कथा तिथे असते. म्हणून कल्पना चांगली की वाईट हे तुम्ही वहीतल्या एका ओळीवरून ओळखू शकणार नाही. मलाही ते जमत नाही. कल्पनेला चार-पाच प्रश्न विचारून बघायचे. प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न फुटत असेल तर ती जिवंत. सातव्या कल्पनेला विचारा, ती गप्प बसेल.

‘घरातलीच गोष्ट’ या तुमच्या शब्दांचं मला वाईट वाटलं. नवं लिहिणाऱ्या कितीतरी जणांचं असंच होतं. स्वतःला माहीत असलेलं त्यांना क्षुल्लक वाटतं, आणि कुठेही न पाहिलेले खून, स्वप्नं आणि परदेशातले प्रसंग मोठे वाटतात. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आलं. त्यातला धर्मा रामोशी आठवा. एका गरीब म्हाताऱ्याला जुनं धोतर मिळतं, एवढाच प्रसंग. तुमच्या वहीत हा ‘धोतर दिलं’ एवढाच उतरला असता आणि त्यापुढे ‘विशेष नाही’ असा शेरा पडला असता. पण म्हातारा ते धोतर नेसत नाही, घरातल्या वयात आलेल्या मुलीचं अंग झाकायला ते जातं, आणि त्या एका कापडात माणदेशाचं दारिद्र्य आणि एका बापाची लाज दोन्ही मावतात. धोतर कुठे गेलं हा प्रश्न माडगूळकरांना पडला, कारण ते त्या माणसांतले होते, त्यांना ठाऊक होतं की असं कापड वाया जात नाही. तुमच्याजवळ पितळी परात आहे.

यावरून वहीबद्दल एक सांगतो. कल्पना लिहूच नका, तपशील लिहा. ‘भांड्यांची वाटणी’ असं लिहून ठेवलं की दहा वर्षांनी तेवढंच हाती लागतं. ‘मोठ्या मामीनं पातेलं परत घेऊन स्वतः वाचून बघितलं’ असं लिहून ठेवलं, तर त्या ओळीला धरून सगळा सोपा परत उभा राहतो. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, बोलीसकट. पतसंस्थेत तुमच्यासमोर रोज माणसं येतात. कर्जाच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही करताना माणूस पेन कसं धरतो हे तुम्ही पाहिलेलं आहे, मी पाहिलेलं नाही.

पुढे काय होणार ते कळत नाही म्हणून तुम्ही थांबता. थांबू नका. शेवट माहीत असल्याशिवाय सुरुवात करायची नाही हा नियम कोणी घातला कोण जाणे, पण त्यानं बऱ्याच कथा मारल्या आहेत. अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओकॉनरची ‘गुड कंट्री पीपल’ ही १९५५ मधली कथा आहे. तीत बायबल विकत फिरणारा तरुण एका स्त्रीचा लाकडी पाय पळवून नेतो. तो असं करणार हे तो प्रसंग येण्याआधी दहा-बारा ओळींपर्यंत आपल्यालाही माहीत नव्हतं, असं ओकॉनरनं सांगितलं आहे. पण त्या ओळींपर्यंत ती पोहोचली होती, ही गोष्ट ध्यानात घ्या. पाय लाकडी आहे, ती स्त्री त्याला कोणालाही हात लावू देत नाही, हे आधीच्या पानांवर लिहून झालं होतं. तुमच्या मुलीनं आजीचं नाव काय सांगितलं हे आज ठरवायची गरज नाही. परातीपर्यंतची भांडी आधी एक एक करून लिहा.

आता चोरीचं. कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. आपल्याकडे कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या रूपात लिहिली त्याला मिळतो. आर. जी. आनंद यांनी ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक लिहिलं होतं. १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट त्यावरूनच केला, असा त्यांचा दावा होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा यांवर कोणाची मालकी नसते, असं त्या निकालात स्पष्ट आहे. तेव्हा वहीत पडून असलेल्या ४१ कल्पनांना कायद्याचं संरक्षण नाही, लिहिलेल्या एका कथेला आहे. आणि खरं सांगू का, भांडी वाटण्याची कल्पना मी उद्या दहा लेखकांना दिली तरी दहा वेगळ्या कथा होतील. टिंबांवर फिरलेलं बोट तुमचं होतं.

तरीही लिहून होण्याआधी गोष्ट कोणाला सांगू नका, असंच मी म्हणेन. कारण वेगळं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात मला शेवटच्या मुक्कामी गाडीतल्या कंडक्टरची एक गोष्ट सुचली होती. चहाच्या टपरीवर मी ती मित्रांना सांगितली. त्यांना आवडली, म्हणून दुसऱ्यांना सांगितली. दर वेळी ती अधिक रंगत गेली. भाद्रपदात लिहायला बसलो तेव्हा आत काही उरलंच नव्हतं. जी ओढ मला टेबलापाशी बसवणार होती ती ऐकणाऱ्यांचे चेहरे बघूनच भागली होती. ती कथा आजही लिहून झालेली नाही आणि त्या कंडक्टरची मला अजून हळहळ वाटते.

लिहून झाल्यावर मात्र खुशाल मोठ्यानं वाचा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं ते आपल्या लिहिलेल्या कथांचं. समोरच्या माणसाचं लक्ष कुठे उडतं हे ऐकवताना जितकं कळतं तितकं कागदावर कळत नाही. माझी एक कथा एका संपादकांनी परत पाठवली होती, चौथ्या पानावर पेन्सिलीची एक आडवी रेघ मारून. सोबत पत्र नव्हतं. घरी मोठ्यानं वाचली तेव्हा समजलं, की गोष्ट त्या रेघेपाशी सुरू होते आहे, आणि आधीची तीन पानं मी घर आणि अंगण दाखवण्यात घालवली आहेत. तुमची कथाही आजोळचा रस्ता, चिंचेचं झाड, मामांचा स्वभाव यांपासून सुरू होईल. होऊ द्या, आणि मग पहिलं भांडं उचललं जातं तिथपर्यंतचं काढून टाका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल असं एक राहिलं. मामा वाचतील. मामी ओळखतील. आपल्या घरांमध्ये ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेता येत नाही. मी एवढंच करतो की पहिला खर्डा लिहिताना कोणालाच सोडत नाही, खरी नावंसुद्धा तशीच ठेवतो. दुसऱ्या वेळी माणसं हलवतो. थोरल्याची खोकण्याची सवय धाकट्याला, शेजारणीची जीभ मामीला. असं करताना ती माणसं खरोखरच वेगळी होत जातात आणि त्यांच्याबद्दलचा राग बराच निवळतो. मग प्रत्येकाला त्याची बाजू देता येते. धाकट्या मामीला तो बंब हवाच का होता? कदाचित पहिलं बाळंतपण झालं तेव्हा त्याच बंबातलं पाणी तिच्या अंगावर घातलं असेल.

आज रात्री वही उघडा. एकोणिसाव्या कल्पनेखाली एकेक भांडं लिहा, आठवेल तसं, आणि प्रत्येकापुढे ते हातात घेताना कोण जवळ उभं होतं तेवढं लिहा. न आठवणारी भांडी रिकामी सोडा. मग आईला फोन करून विचारा, आजीचं माहेरचं नाव काय होतं. तुम्हाला ते माहीत असेल तरीही विचारा. उत्तर द्यायला आई किती वेळ घेते, तेही लिहून ठेवा.